किडीचं जेवण

दाताला कीड 'लागते' असं आपण म्हणतो. लाकडाला लागते, साठवलेल्या धान्याला लागते, तशी दाताला. या क्रियापदात एक जुनी समजूत दडून बसलेली आहे. दाढेत एक बारीक अळी शिरते, ती दात कुरतडते आणि म्हणून पोकळी पडते, ही ती समजूत. सुश्रुतसंहितेत दातांचे आठ रोग सांगितले आहेत, त्यांतल्या एकाचं नाव 'कृमिदंतक' आहे. भारतातच नव्हे, बॅबिलोनपासून चीनपर्यंत आणि युरोपातही अठराव्या शतकापर्यंत दातातल्या अळीवर लोकांचा विश्वास होता.

बॅबिलोनच्या मातीच्या विटेवर कोरलेला दातदुखीचा एक मंत्र आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यातली गोष्ट मला फार आवडते. जग निर्माण झालं, आकाशापासून पृथ्वी, पृथ्वीपासून नद्या, नद्यांपासून कालवे, कालव्यांपासून चिखल आणि चिखलापासून अळी झाली. ती रडत रडत देवापुढं गेली आणि म्हणाली, मला खायला काय देणार? देवानं पिकलेलं अंजीर देऊ केलं, जर्दाळू देऊ केला. अळीला ते नको होतं. तिनं दात आणि हिरडी यांच्यामधली जागा मागितली, म्हणजे रक्त शोषता येईल आणि मुळं कुरतडता येतील.

अळी खोटी निघाली. पण तिला घातलेला प्रश्न खरा होता. दाताचा नाश करणारा जो कोणी आहे तो खातो काय, या एका प्रश्नाभोवती गेल्या साडेतीनशे वर्षांतलं मुखातल्या जिवाणूंचं सगळं संशोधन फिरत आलेलं आहे. त्या प्रश्नाची उत्तरं कोणी, कशी आणि कोणाच्या जिवावर मिळवली, हे या लेखात सांगायचं आहे.

पहिली नोंद हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या एका कापड-व्यापाऱ्याची. आंतोनी फान लेवेनहुक विद्यापीठात शिकलेला नव्हता, त्याला लॅटिन येत नव्हतं. (माझ्यासारख्या, पदव्यांच्या बाहेर राहून वाचत गेलेल्या माणसाला हा तपशील दरवेळी धीर देतो.) त्यानं स्वतः घासलेल्या एका भिंगाच्या सूक्ष्मदर्शकातून 1683 साली आपल्याच दातांमधला पांढरट लगदा पाहिला आणि 17 सप्टेंबरच्या पत्रात लंडनच्या रॉयल सोसायटीला ते कळवलं. तो रोज मिठानं दात घासत असे, काडीनं फटी साफ करत असे, वर फडक्यानं पुसत असे. तरीही त्या लगद्यात त्याला हलणारे, गिरक्या घेणारे असंख्य जीव दिसले. जन्मात कधी दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडातलाही नमुना त्यानं मिळवला. तिथं तर गर्दीच होती. आपल्या एका तोंडात राहणाऱ्या जिवांची संख्या साऱ्या देशाच्या लोकसंख्येहून जास्त असेल, असा हिशेब त्यानं केला. हे जीव काय खातात, हे मात्र त्यानं विचारलं नाही. त्यांचा रोगाशी संबंध असेल, ही कल्पनाच त्या काळात नव्हती.

त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी, 1728 साली, पिएर फोशार या फ्रेंच शल्यकानं दंतवैद्यकावरचा आपला मोठा ग्रंथ काढला. त्यानं किडलेले दात भिंगाखाली धरून अळी शोधली. ती सापडली नाही, आणि सापडली नाही असं त्यानं स्पष्ट लिहिलं. शिवाय गोड पदार्थ दातांना बाधतात असंही लिहिलं. साखरेवरचा संशय तसा त्याहूनही जुना होता. 1598 साली इंग्लंडला गेलेल्या पाउल हेंट्सनर या जर्मन प्रवाशानं राणी एलिझाबेथचे दात काळे पडल्याची नोंद केली आहे आणि इंग्रज लोक साखर फार खातात म्हणून त्यांच्यात हा दोष दिसतो, असंही पुढं जोडलं आहे. त्या वेळी साखर श्रीमंतांच्याच ताटात होती, म्हणून किडके दातही श्रीमंतांचेच. पुढं वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या श्रमावर साखर स्वस्त झाली. 1874 साली ब्रिटननं तिच्यावरचा आयातकर काढून टाकला. विसावं शतक उजाडेतो इंग्लंडात माणशी वर्षाला चाळीस किलोच्या आसपास साखर खपू लागली होती. किडके दात आता कामगारवस्तीतही पोचले.

प्रश्न नीट विचारला तो विलोबी डेटन मिलर यानं. हा 1853 साली ओहायो राज्यात जन्मलेला अमेरिकन. मिशिगनला शिकला, एडिंबरोमार्गे बर्लिनला पोचला, तिथल्या एका अमेरिकन दंतवैद्याच्या मुलीशी त्यानं लग्न केलं, सासऱ्याच्या सल्ल्यानं मायदेशी जाऊन दंतवैद्यकाची पदवी घेतली आणि पुन्हा बर्लिनला परतला. तेव्हाचं बर्लिन म्हणजे रॉबर्ट कॉखचं बर्लिन. क्षयाचा जंतू 1882 साली तिथंच जाहीर झाला. मिलर कॉखच्या प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायला शिकला आणि ती विद्या त्यानं तोंडाकडं वळवली.

त्याचे प्रयोग इतके साधे आहेत की ते स्वयंपाकघरात करता येतील. काढलेले दात घ्यायचे, ते लाळेत ठेवायचे आणि ती लाळ शरीराइतक्या उबेत काही काळ राहू द्यायची. एका भांड्यात लाळेबरोबर पाव किंवा साखर, दुसऱ्यात मांस किंवा चरबी, तिसऱ्यात साखर असलेली पण उकळून निर्जंतुक केलेली लाळ. पहिल्या भांड्यातला दात मऊ पडला. त्यातला चुना विरघळला. मांसाच्या भांड्यातल्या दाताला काही झालं नाही. उकळलेल्या लाळेतल्या दातालाही नाही. यातून तीन गोष्टी एकदम सिद्ध झाल्या: नुसती साखर दात खात नाही; नुसते जिवाणूही खात नाहीत; आणि जिवाणूंना पिठूळ-गोड अन्न मिळालं तर त्याचं ते आम्ल करतात, ते आम्ल दात विरघळवतं. दूध नासताना जे लॅक्टिक आम्ल होतं तेच हे. म्हणजे दात कुरतडला जात नाही. जिवाणूंच्या जेवणानंतर जे उरतं त्यात तो विरघळतो.

मिलरचं पुस्तक 1889 साली जर्मनमध्ये आणि पुढच्या वर्षी इंग्रजीत आलं. आज ते वाचताना जाणवतं की माणूस किती सावध होता. किडीला कारण होणारा एकच एक जंतू त्यानं नेमला नाही; त्याच्या मते तोंडातले आम्ल करणारे सगळेच त्यात भागीदार होते. कॉखच्या काळात 'एक रोग, एक जंतू' हा मंत्र झालेला असताना असं म्हणायला धाडस लागतं. एक गोष्ट मात्र त्याच्याकडून सुटली. आम्ल लाळेत सगळीकडं पसरत असेल तर दात विशिष्ट ठिकाणीच का किडतो? याचं उत्तर त्याच्याच काळात ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक आणि लिऑन विल्यम्स यांनी दिलं: जिवाणू दातावर चिकट थर करून राहतात आणि आम्ल त्या थराखाली साचतं. तो थर म्हणजेच प्लाक. न घासलेल्या दाताला जीभ लावली की जो बुळबुळीतपणा जाणवतो तो. मिलरला या थराचं महत्त्व फारसं पटलं नाही. तो पंचवीसेक वर्षं बर्लिनला राहिला, तिथल्या विद्यापीठात प्राध्यापक झाला, शेवटी मिशिगनला परत जायचं ठरवलं आणि 1907 साली अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर वारला. चोपन्न वर्षांचंही वय नव्हतं.

यापुढची काही दशकं गुन्हेगार शोधण्यात गेली. लंडनच्या जे. किलियन क्लार्कनं 1924 साली किडलेल्या दातांतून एक साखळीदार जिवाणू वेगळा केला. वाढवताना तो कधी गोल तर कधी लांबट दिसे, म्हणून त्यानं त्याला 'म्यूटान्स', म्हणजे बदलणारा, असं नाव दिलं. कोणी फारसं लक्ष दिलं नाही. त्या काळात सगळा संशय लॅक्टोबॅसिलसवर होता. स्ट्रेप्टोकॉकस म्यूटान्स पुढची पस्तीस-चाळीस वर्षं पुस्तकातल्या एका ओळीत पडून राहिला.

*

आता स्वीडनकडं वळतो. या इतिहासातला सगळ्यांत महत्त्वाचा प्रयोग तिथं झाला आणि तो सांगताना लेखणी अडखळते.

स्वीडननं 1938 साली सरकारी दंतसेवा सुरू केली. दातांची स्थिती इतकी वाईट होती की दंतवैद्य पुरेनात. नुसतं भरत बसण्यापेक्षा कीड होते कशानं ते शोधून काढावं, असं ठरलं. मिलरनं भांड्यात दाखवलेली गोष्ट जिवंत माणसाच्या तोंडात सिद्ध व्हायला हवी होती. त्यासाठी अशी माणसं हवी होती ज्यांचं रोजचं खाणं वर्षानुवर्षं ताब्यात ठेवता येईल. लुंड शहरातल्या व्हिपेहोल्म या संस्थेची निवड झाली. ती 1935 साली उघडलेली होती, आणि तिथं ठेवलेली माणसं गंभीर बौद्धिक अपंगत्व असलेली होती. सरकारी भाषेत त्यांना 'शिकवता न येण्याजोगे' म्हणत.

1945 साली काम सुरू झालं ते जीवनसत्त्वांपासून. 1947 पासून साखर आली. चारशेहून अधिक माणसांचे गट पाडले. एका गटाला साखर जेवणाबरोबर पातळ करून, तीही भरपूर. एकाला गोड पाव. एकाला चॉकलेट. आणि काही गटांना टॉफी, जेवणांच्या मध्ये. ही टॉफी मुद्दाम दातांना चिकटून राहील अशी करून घेतली होती. एका गटाला दिवसाला आठ, दुसऱ्याला दिवसाला चोवीस. खर्चात सरकारबरोबर साखर आणि चॉकलेटच्या उद्योगांचाही वाटा होता.

निष्कर्ष दंतवैद्यकाच्या प्रत्येक पुस्तकात आहे. जेवणाबरोबर घेतलेली साखर बरीच असली तरी कीड थोडीच वाढली. जेवणांच्या मधल्या वेळात, चिकट रूपात घेतलेल्या साखरेनं मात्र दात भराभर गेले. टॉफी बंद केल्यावर नवी कीड पडणं जवळजवळ थांबलं. त्याच गटातल्या काही थोड्यांना एवढं सगळं खाऊनही काही झालं नाही, हेही दिसलं. किती खाल्लं यापेक्षा किती वेळा आणि किती वेळ तोंडात राहिलं याला महत्त्व आहे, हे जगाला इथून कळलं. स्वीडनमध्ये मुलांना शनिवारीच गोड देण्याची जी रीत रुळली तिचं मूळ इथंच सांगतात. आपल्या आयांनी 'जेवायच्या आधी लाडू नको' असं सांगितलं ते वेगळ्या कारणानं, पण दातांच्या बाजूनं पाहिलं तर जेवणानंतरचा लाडू आणि दिवसभर फराळाच्या डब्यात घातलेला हात यांत फरक आहे तो हाच.

किडलेले दात मात्र परत आले नाहीत. ते ज्यांचे होते त्यांना कोणी विचारलं नव्हतं आणि विचारलं असतं तर उत्तर देण्याच्या स्थितीत त्यांच्यातले बरेच जण नव्हते. त्यांच्या नातेवाइकांची संमतीही घेतली गेली नव्हती. काळही पाहा. 1947 साली न्यूरेंबर्गच्या न्यायालयानं नाझी डॉक्टरांच्या खटल्यात निकाल देताना सांगितलं, की माणसावर प्रयोग करायचा तर त्याची स्वेच्छेची संमती ही पहिली अट. त्याच वर्षी व्हिपेहोल्ममध्ये साखर वाटायला सुरुवात झाली. 1953 साली निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा स्वीडनमध्ये वाद झाला. प्रयोगात तरुणपणी सहभागी असलेल्या बू क्रासे यांनी पन्नास वर्षांनी त्याच्या आठवणी आणि त्यावरचं चिंतन लिहून छापलं. एवढं तरी कोणी करतं, म्हणून मी त्यांचा आदर करतो. पण 'त्या काळी तसंच होतं' हा बचाव मला पटत नाही. चोवीस टॉफ्यांचा गट ठरवणाऱ्यांना काय होणार याचा अंदाज होता, नाहीतर तो गट केलाच नसता. टूथपेस्टच्या जाहिरातींपासून शाळेतल्या आरोग्याच्या धड्यापर्यंत आपण जे सहज सांगतो ते या माणसांच्या दातांवर लिहिलेलं आहे. त्यांची नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत.

*

टॉफीनं असं का होतं, याचं कारण अमेरिकेत रॉबर्ट स्टीफननं चाळीसच्या दशकात दाखवलं. त्यानं दातावरच्या थरात बारीक अँटिमनीचा विद्युतअग्र टेकवला आणि ग्लुकोजच्या पाण्यानं गुळणी करायला लावली. काही मिनिटांतच आम्लता झपाट्यानं वाढली आणि मग अर्धा-एक तास घेत हळूहळू उतरली. लाळ ते आम्ल धुते, मारते, आणि विरघळलेला चुना थोडाफार परतही देते. एक गोड घास म्हणजे एक हल्ला, आणि प्रत्येक हल्ल्यानंतर लाळेला सावरायला वेळ हवा. सामू साधारण साडेपाचाच्या खाली गेला की दाताचं कवच विरघळू लागतं. दिवसात चोवीस वेळा टॉफी म्हणजे सावरायला वेळच नाही.

1954 साली नोत्र दाम विद्यापीठात फ्रँक ऑर्लंड आणि सहकाऱ्यांनी संपूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांना भरपूर साखर घातली. एकाचाही दात किडला नाही. 1960 साली पॉल कीझनं हॅमस्टरवर दाखवलं की कीड एका जनावराकडून दुसऱ्याकडं जाते. त्यानंतर क्लार्कचा विसरलेला म्यूटान्स पुन्हा वर आला, आणि त्याला ऊस का आवडतो तेही कळलं.

हा भाग थोडा सावकाश सांगतो, कारण गंमत इथंच आहे. आपली साखर, म्हणजे सुक्रोज, हा जोडरेणू आहे: एक ग्लुकोज, एक फ्रुक्टोज. त्या दोघांना जोडणाऱ्या बंधात बरीच ऊर्जा साठलेली असते. म्यूटान्स आपल्या पेशीच्या बाहेरच एक विकर सोडतो, ते हा बंध तोडतं आणि सुटलेली ऊर्जा वापरून ग्लुकोजचे तुकडे एकामागून एक गुंफून चिकट, न विरघळणारा ग्लुकान तयार करतं. राहिलेलं फ्रुक्टोज जिवाणू खातो. म्हणजे एकाच घासातून त्याला अन्नही मिळतं आणि दाताला चिकटून राहायला घराच्या भिंतीही. नुसत्या ग्लुकोजपासून किंवा फ्रुक्टोजपासून त्याला या भिंती बांधता येत नाहीत. सुक्रोज जास्त असेल तर तो आपल्या पोटातही साठा करून ठेवतो आणि आपण झोपल्यावर तो काढून खातो. शिवाय इतर जिवाणू ज्या आंबटपणात हात टेकतात तिथंही त्याचं काम चालू राहतं.

हे कळल्याबरोबर एक वेगळाच उद्योग सुरू झाला. साखरेनं कीड होते हे साखर-उद्योगाला नाकारता येत नव्हतं. मग साखर कमी करण्याऐवजी साखळीतली दुसरी कडी तोडता येईल का, याचा शोध त्यांनी पैसे देऊन चालवला: ग्लुकानच्या भिंती तोडणारं विकर, नाहीतर किडीविरुद्धची लस. क्रिस्टिन केर्न्स या दंतवैद्य-संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 साली इलिनॉय विद्यापीठातल्या एका संग्रहातली 1959 ते 1971 या काळातली 319 कागदपत्रं तपासून छापली. अमेरिकन सरकारनं 1971 साली किडीविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला तेव्हा संशोधनाचे प्रस्ताव मागवणाऱ्या पहिल्या पत्रकात उद्योगाच्या संस्थेनं आधी सुचवलेल्या मजकुरातला 78 टक्के भाग उतरला होता, असं त्यांना आढळलं. गोड पदार्थांची दाताला घातकता मोजण्याचं संशोधन त्यातून गळलं. लस आजवर आली नाही. जिवाणू काय खातो हे समजल्यावर त्याचं ताट काढून घेण्याऐवजी त्याचे दात पाडण्याचा हा प्रयत्न होता, आणि त्यात वर्षं गेली.

*

इथवर वाचून वाटेल, की तोंडातले जिवाणू साखरेची वाट पाहत बसलेले असतात. तसं नाही. तोंडात शेकडो जाती आहेत आणि माणूस चोवीस तासांतला थोडाच वेळ खात असतो. उरलेल्या वेळात ते मुख्यतः आपल्या लाळेवर जगतात. लाळ दिवसाला अर्धा ते दीड लिटर पाझरते. तिचा बुळबुळीतपणा ज्या प्रथिनांमुळं येतो त्या म्युसिनांवर निरनिराळ्या शर्करांच्या फांद्या असतात. एकट्या जातीला हे झाड तोडता येत नाही. एक जात टोकाची शर्करा काढते, मग दुसरीला तिच्याखालची मिळते, तिसरी उरलेलं प्रथिन फोडते. सुगीला शेतात माणसं लागतात तशी ही वाटणी आहे.

उष्टं खाणारेही आहेत. व्हेलोनेला नावाच्या जिवाणूला साखर खाताच येत नाही. तो इतरांनी टाकलेलं लॅक्टिक आम्ल खातो आणि त्यापासून त्याहून सौम्य आम्लं करतो. जिभेवरचा स्ट्रेप्टोकॉकस सॅलिव्हॅरियस लाळेतला युरिया फोडून अमोनिया करतो, काही जण अर्जिनिन या अमिनो आम्लापासून तेच करतात. या अमोनियामुळं आंबटपणा मारला जातो. पालेभाज्यांतला नायट्रेट जिभेच्या मागच्या बाजूचे जिवाणू नायट्राइटमध्ये बदलतात, त्याचा उपयोग पुढं आपल्या रक्तवाहिन्या सैल ठेवायला होतो. हे भाडेकरू भाडंही देतात.

आणि हिरडीच्या फटीत, जिथं हवा पोचत नाही, तिथं पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस राहतो. त्याला साखरेशी देणंघेणं नाही. तो प्रथिनं फोडून जगतो आणि त्याला लोह हवं असतं, ते तो रक्तातल्या हीमपासून मिळवतो. प्रयोगशाळेत रक्त घातलेल्या थरावर वाढवला तर त्याच्या वसाहती काळ्या पडतात. हिरडी सुजली, रक्त येऊ लागलं, की त्याची चंगळ; आणि तो असला की सूज वाढते. बॅबिलोनच्या अळीनं अंजीर-जर्दाळू नाकारून दात आणि हिरडीमधली जागा आणि रक्त मागितलं होतं. मंत्र लिहिणाऱ्याला यातलं काही माहीत असण्याचा प्रश्न नाही, पण हे वाचलं तेव्हा मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवलं होतं.

ही सगळी पंगत एकत्र असताना साखर आली तर काय होतं, हे इंग्लंडात पोर्टन डाउन इथं फिलिप मार्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात पाहिलं. त्यांनी एका काचेच्या पात्रात तोंडातल्या दहाएक जाती लाळेसारख्या अन्नावर एकत्र वाढवल्या आणि दहा दिवस रोज थोडं ग्लुकोज घातलं. एका पात्रात आम्ल मारून सामू कायम ठेवला, दुसऱ्यात तो आपोआप खाली जाऊ दिला. पहिल्या पात्रात पंगत होती तशीच राहिली. दुसऱ्यात म्यूटान्स आणि लॅक्टोबॅसिलस वर आले, बाकीचे मागं पडले. म्हणजे साखर मिळाली म्हणून ते माजले नाहीत. साखरेतून झालेल्या आंबटपणात बाकीचे टिकेनात, म्हणून जागा यांच्या हाती गेली. मार्शनं 1994 साली यावरून जी मांडणी केली तिला परिसंस्थेची उपपत्ती म्हणतात. म्यूटान्स बाहेरून येणारा शत्रू नाही. तो निरोगी तोंडातही थोडा असतोच. मिलरनं एकच गुन्हेगार नेमायला नकार दिला होता, ते शंभर वर्षांनी असं खरं ठरलं.

मग ही पंगत कधीपासून अशी बसते? उत्तर किटणात सापडलं. दातावर साचून दगड झालेलं किटण जिवाणूंना आपल्यात कोंडून ठेवतं, आणि त्यांचा डीएनए हजारो वर्षं टिकतो. 2013 साली युरोपातल्या 34 प्राचीन सांगाड्यांच्या किटणावरून असं मांडलं गेलं, की शेती आल्यावर एकदा आणि औद्योगिक काळात पीठ-साखर आल्यावर पुन्हा एकदा, असे दोनदा तोंडातले जिवाणू बदलले. साधारण तसंच चित्र आपल्या उपखंडातल्या दातांवरूनही दिसतं. बलुचिस्तानातल्या मेहेरगढला साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या नऊ माणसांच्या अकरा दाढांना गारगोटीच्या टोकानं पाडलेली भोकं आढळली आहेत. त्यांतल्या चार दाढांना कीड होती. पुण्याजवळ घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं 1968 पासून अनेक हंगाम उत्खनन केलं. तिथले ताम्रपाषाणयुगीन शेतकरी मुख्यतः जवावर जगत होते. घराच्या जमिनीखाली दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेली मुलं तिथं सापडली. जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी त्या मुलांचे दुधाचे दात एकेक करून तपासले, त्यांच्या कवचातले दोष मोजले. असे दोष असलेल्या कवचात जिवाणूंना शिरकाव सोपा जातो. म्हणजे ताटात काय आहे एवढ्यानं भागत नाही. ताट कोणाच्या पोटी किती उपास घडल्यावर पुढं आलं, हेही दातावर उमटतं.

पण शेती आली आणि कीड आली, हे सुटसुटीत सूत्रही पुरतं टिकत नाही. मोरोक्कोतल्या ताफोराल्त गुहेत सुमारे चौदा-पंधरा हजार वर्षांपूर्वी राहणारे लोक शेती करत नव्हते. ते ओकची फळं आणि पाइनच्या बिया गोळा करून, साठवून, शिजवून खात. 2014 साली छापलेल्या अभ्यासानुसार त्यांच्या प्रौढांच्या निम्म्याहून अधिक दातांना कीड होती. साखरेचा कणही नव्हता. पण पिठूळ, चिकट अन्न दिवसभर तोंडात होतं.

आणि पिठूळ अन्नाशी आपल्या जिवाणूंची ओळख याहूनही जुनी आहे. लाळेतलं अमायलेज हे विकर पिठाची साखर करतं. तोंडातल्या काही स्ट्रेप्टोकॉकसांनी त्या विकराला धरून ठेवायची युक्ती साधली आहे, म्हणजे आपण आपल्यासाठी केलेल्या कामाचा वाटा त्यांना आयता मिळतो. 2021 साली एक लाख वर्षांपर्यंतच्या किटणाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ही युक्ती असलेले जिवाणू आधुनिक माणसात सापडले तसे निअँडर्थलांतही सापडले. चिंपांझींत त्यांचा मागमूस फारसा नव्हता. कंदमुळं भाजून खायला लागलेल्या कुठल्यातरी समाईक पूर्वजाच्या तोंडात ही भागीदारी ठरली असावी, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला.

सुश्रुतसंहितेतल्या त्या आठ रोगांत कृमिदंतकाबरोबर आणखी एक नाव आहे: दंतशर्करा. तिथं शर्करा म्हणजे साखर नव्हे. शर्करा म्हणजे वाळू, खडे, कणी. आणि दंतशर्करा म्हणजे दातावर साचून खडा झालेला मळ, आपलं किटण. उसाचा रस आटवून दाणेदार पदार्थ झाला तेव्हा त्यालाही त्याच्या खरखरीतपणावरून हेच नाव मिळालं, ते फारसीत शकर झालं, अरबीत सुक्कर, आणि तिथून युरोपच्या बहुतेक भाषांत पसरलं. या लेखात ज्या दोन वस्तूंमागं मी हिंडलो, एक जिवाणूंचं अन्न आणि दुसरं त्यांचं थडगं, त्या दोन्हींना संस्कृतात एकच शब्द होता.